‘ऋतुचक्र’ आणि परमुलुखातला चैत्र

दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मराठी समीक्षेने त्याची गणना प्राधान्याने ललित निबंधात केली आणि भाषेच्या रसवत्तेवर पानेच्या पाने खर्ची घातली. ही प्रशंसा अस्थानी नव्हती. परंतु तिच्यामुळे एक प्रश्न बाजूला राहिला : हे पुस्तक निसर्गाविषयी जे सांगते, ते कोणत्या भूमीविषयी सांगते, आणि ती भूमी सोडून गेलेल्या वाचकाच्या ते कितपत उपयोगी पडते?

इंग्रजीत या प्रकारच्या लेखनाची परंपरा जुनी आहे. गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकाचा सेल्बर्न या खेड्याच्या निसर्गेतिहासाचा ग्रंथ १७८९ साली निघाला. पत्ररूपाने लिहिलेल्या या ग्रंथाचे बळ एकाच परगण्यात वर्षानुवर्षे टिकून राहिलेल्या नजरेत आहे. व्हाइटशी उत्तरायुष्यात पत्रव्यवहार करणाऱ्या रॉबर्ट मार्शमने १७३६ पासून नॉरफोकमधील वसंतागमनाच्या खुणा तारीखवार टिपून ठेवल्या. पाकोळी कधी आली, ओकला पालवी कधी फुटली, बेडूक कधी बोलू लागले, असा हा रोखठोक मामला. त्याच्या वंशजांनी ही नोंद १९५८ पर्यंत चालवली. म्हणजे ‘ऋतुचक्र’ छापून झाल्यावरही ती दोन वर्षे जिवंत होती. १९९५ साली संशोधकांनी त्या नोंदींचा आधार घेऊन हवामान आणि सजीव यांच्या संबंधांचा अभ्यास केला. मार्शमच्या नोंदवहीत काव्य शोधू जाणाऱ्याची निराशाच होईल. आणि ‘ऋतुचक्रा’त तारखा शोधू जाणाऱ्याचीही.

भागवतांनी चौकट निवडली ती चैत्र ते फाल्गुन या मासांची. ही निवड सांस्कृतिक दृष्ट्या समृद्ध आहे. महिन्याच्या नावाबरोबर सण, दैवतकथा, लोकाचार आणि संस्कृत काव्याचे संस्कार आपोआप येतात, आणि लोकसाहित्याच्या या व्यासंगी अभ्यासकाला ते हवेच होते. पण निरीक्षणाचे साधन म्हणून चांद्रमास फार विश्वासू नाही. २०२३ साली चैत्र प्रतिपदा २२ मार्चला होती, २०२४ साली ९ एप्रिलला. मधल्या अधिक श्रावणाने तिला अठरा दिवस पुढे ढकलले. पिंपळाने मात्र आपली पालवी अठरा दिवस थोपवून धरली नसणार. शेतकऱ्याला हे पक्के ठाऊक असते. म्हणूनच तो पाऊस आषाढ-श्रावणाने न मोजता सूर्याच्या नक्षत्रांनी मोजतो. मृग जूनच्या सात-आठ तारखेलाच लागते. ‘ऋतुचक्रा’च्या चाहत्यांनी या भेदाकडे सहसा लक्ष दिलेले नाही. भागवतांच्या महिन्याला पंचांगापेक्षा स्मृतीचा आधार अधिक आहे. अनेक वर्षांचे अनेक चैत्र त्या एका प्रकरणात एकवटले आहेत, असेच मानून ते वाचावे लागते.

या चौकटीची खरी परीक्षा महाराष्ट्राबाहेर होते. बंगळूरच्या पूर्वेकडील मारतहळ्ळी हे उपनगर या दृष्टीने चांगले उदाहरण ठरावे. संगणक-व्यवसायाच्या निमित्ताने तेथे वस्तीला गेलेल्या मराठी कुटुंबाच्या घरी गुढी उभी राहते, त्याच दिवशी शेजारच्या कन्नड घरी उगादी असते. दोन्ही घरी कडुनिंब आणि गूळ असतो. कर्नाटकाचा आणि महाराष्ट्राचा चांद्रमास एकच असल्याने पंचांगात काहीही बदलत नाही. बदलतो तो ऋतू. मुंबईत आषाढ म्हणजे धो धो कोसळणारा पाऊस. बंगळूरला त्या दिवसांत ढगाळ गारवा आणि भुरभुर. तेथला मोठा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे आपल्याकडे शरदाच्या चांदण्याची वर्णने सुरू होतात तेव्हा. आषाढाचे प्रकरण आषाढात उघडून खिडकीबाहेर पाहणाऱ्या वाचकाला पुस्तक खोटे वाटू लागेल.

तसे ते वाटू नये, याचे कारण पुस्तकातच आहे. भागवतांची नजर रानावनात रमणारी असली तरी ‘ऋतुचक्रा’ची लेखिका मुंबईकर आहे. तिच्या चैत्रात पिंपळाच्या बरोबरीने घाणेरीलाही मान मिळतो. घाणेरी मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली, कुंपणाकडेला माजणारी, नावानेच हिणवलेली. सोवळ्या निसर्गवर्णनात तिला कोणी उंबरा ओलांडू दिला नसता. जे समोर आहे ते, त्याचे कुळ न विचारता, बारकाईने पाहायचे, हा या पुस्तकाचा धर्म आहे. त्यांच्या अनुकरणातून आलेल्या पुष्कळ ललित लेखनाने विशेषणे तेवढी उचलली आणि घाणेरी मागेच ठेवली. मारुती चितमपल्लींसारखा वनाधिकारी लेखक वेगळ्या वाटेने गेला आणि वनवासी लोकांच्या शब्दसंपदेने मराठीला श्रीमंत करून गेला, हा अपवादच.

घाणेरीचा हा न्याय बंगळूरला लावला, तर तेथला चैत्र सहज वाचता येतो. या शहराच्या रस्त्यांवर एकामागून एक वृक्ष फुलत राहावेत, या योजनेचे श्रेय गुस्टाव क्रुंबिगल या जर्मन उद्यानतज्ज्ञाला दिले जाते. १८९३ मध्ये तो सयाजीरावांच्या बडोद्यात आला आणि १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात गेला. मराठी दरबारातून गेलेल्या माणसाचा हात तेथल्या ऋतूंना लागला आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. वर्षाच्या आरंभी मध्य अमेरिकेतून आलेला टबेबुया पानांविना गुलाबी होतो, मग जॅकरंडाची निळाई, उन्हाळ्यात मादागास्करचा गुलमोहर. आणि या साऱ्या पाहुण्यांमध्ये करंज. त्याला तेथे होंगे म्हणतात. त्याची कोवळी, तेल लावल्यासारखी चमकणारी पालवी उगादीच्या आसपासच येते. येथे भागवतांचा चैत्र आणि मारतहळ्ळीचा चैत्र एकाच फांदीवर भेटतात.

हिवाळ्याच्या तोंडावर हिमालयाकडून येणारा करडा धोबी शेपटी खालीवर करीत दोन्हीकडे उतरतो. जवळच्या बेळ्ळंदूर तळ्याच्या फेसाने २०१५ मध्ये पेट घेतला, २०१७ मध्ये तळ्यावर पुन्हा आग भडकली. अशा पाण्याचे वर्णन कोणत्या मासाखाली करावे, याचा नमुना ‘ऋतुचक्रा’त सापडणार नाही. तो नव्या लेखकाला स्वतःच घडवावा लागेल, आणि त्यासाठी मार्शमची तारीखही जवळ असलेली बरी.