ओएसजिओलाइव्ह: व्हीएम झकास, पण अपडेटचा हिशेब कोणाकडे?

क्यूजीआयएस, ग्रास, पोस्टजीआयएस ही सगळी मंडळी एकाच व्हर्च्युअल मशीनमध्ये, फुकट आणि बसवलेली मिळतात. जीआयएसवर संशोधन सुरू करणाऱ्याला ओएसजिओलाइव्हइतकी सोपी सुरुवात क्वचितच सापडेल. शिकायला ती उत्तमच आहे. प्रश्न पुढचा आहे: तिच्यावर काढलेला निकाल तीन वर्षांनी पुन्हा काढता येईल का?

आधी रचना बघू. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लाइव्ह आवृत्तीत रूट फाइलसिस्टीम, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि सगळी सॉफ्टवेअर, फक्त वाचता येणाऱ्या दाबलेल्या फाइलमध्ये असते. पर्सिस्टन्स चालू केलं नसेल तर तुम्ही केलेले बदल मशीन बंद होताच पुसले जातात. व्हीएमच्या डिस्कचं तसं नाही. तिथे ‘अपडेट’ दाबलं की बदल कायमचा. फाइलचं नाव तेच राहतं, आतलं मशीन मात्र वेगळं होतं.

‘त्यानं काय फरक पडते?’ असं कोणी विचारेल. पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा घ्या. अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत तो पसरला आहे. समजा, विहिरींच्या क्षारतेचा नकाशा करायचा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट पद्धतीच्या, मोबाइलचा जीपीएस डब्ल्यूजीएस 84 चा. रूपांतर न करता दोन्ही एकावर एक ठेवले तर आपल्या भागात शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. विहीर नाल्याच्या पलीकडे जाऊन बसते!

हे रूपांतर करते प्रोज नावाची लायब्ररी. उबंटू 18.04 मध्ये ती 4.9.3 होती, 20.04 मध्ये 6.3.1, 22.04 मध्ये 8.2.1. सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे 2019 पासून, कोणतं रूपांतर वापरायचं हे ठरवण्याची पद्धतच बदलली: प्रदेश आणि अचूकता पाहून पर्याय निवडला जातो. म्हणजे तुम्ही डेटाला हातही लावला नाही, फक्त सिस्टीम नव्या आवृत्तीवर नेली, तरी बिंदू थोडे सरकू शकतात. प्रबंधात मात्र ‘क्यूजीआयएस वापरले’ एवढंच लिहिलेलं असतं.

ओएसजिओलाइव्हची मोठी जमेची बाजू म्हणजे ती कशी बनते ते लपलेलं नाही. प्रत्येक सॉफ्टवेअरची इन्स्टॉल स्क्रिप्ट खुली आहे. लुबंटूची फाइलसिस्टीम उघडायची, तिच्यात क्रूट करून स्क्रिप्ट चालवायच्या आणि पुन्हा दाबून बांधायची. स्वयंपाकाची कृतीच हाती दिल्यासारखं.

उणीवही त्याच कृतीत आहे. स्क्रिप्ट रिपॉझिटरीतून त्या दिवशी जे मिळेल ते आणतात. कृती तीच, पण बाजारातला माल रोज वेगळा, मग चव तीच कशी राहील? डेबियनची स्नॅपशॉट सेवा तारखेनुसार जुनी पॅकेजेस देते, म्हणजे हे अशक्य नाही. आणि व्हीएम घेतल्यानंतर तुम्ही काय बदललं, त्याची नोंद तर कोणीच ठेवत नाही. शिकवण्यासाठी बनलेल्या साधनाला हा दोष माफ करता येईल. पण तेच साधन प्रबंधाला वापरणाऱ्याने माफ करून कसं चालेल?

तेव्हा मूळ डिस्कला हात लावू नका. तिच्यावर क्यूकाऊ2 स्वरूपाचा थर चढवा. बदल थरात जातात, मूळ फाइल तशीच राहते. सॉफ्टवेअर हाताने बसवण्याऐवजी व्हर्ट-कस्टमाइझला स्क्रिप्ट द्या, म्हणजे बदलाची नोंद आपोआप होते. मशीन पूर्ण बंद असतानाच हे करा, चालू डिस्कवर लिहिलं तर फाइलसिस्टीम बिघडते. पॅकेजेसची यादी आवृत्त्यांसह जपा. कोणती रूपांतरं उपलब्ध आहेत ते प्रोजइन्फो दाखवतो. वापरलेलं रूपांतर परिशिष्टात लिहा.

आणि अपडेट टाळत बसू नका, सुरक्षेसाठी ते लागतंच. फक्त प्रत्येक अपडेटनंतर ओळखीच्या पाच-दहा विहिरी पुन्हा नकाशावर टाकून बघा. त्या जागच्या हलल्या नसतील तरच पुढे जा.