लव्हलेस, लखोबा आणि आपल्या मुली

गेल्या पावसाळ्यात चार दिवस वडिवळ्यास बहिणीकडे राहण्याचा योग आला. मावळातला पाऊस घराबाहेर पाऊल टाकू देत नाही. धरणाच्या अंगाने ढग उतरू लागले की भर दुपारी दिवा लावावा लागतो. रविवारच्या मिस्सेसाठी कामशेतला लोकल धरून लोणावळ्याला जायचे आणि भिजून परत यायचे, एवढाच काय तो बाहेरचा कार्यक्रम. उरलेला वेळ मी मेव्हण्यांच्या जुन्या कपाटातील पुस्तकांत घालवला आणि माझ्या भाचीने तिच्या मोबाइलमध्ये.

कपाटात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा होत्या, चंद्रकांत काकोडकरांच्या मुखपृष्ठे उडालेल्या कादंबऱ्या होत्या. भाची वाचत होती ती एक मराठी कथामालिका. रोज एक भाग येतो. कुतूहल म्हणून मी तिच्याकडून कथानक ऐकून घेतले. नायक कोट्यधीश, देखणा आणि संतापी. तो नायिकेला तिच्या इच्छेविरुद्ध आपल्या बंगल्यात आणून ठेवतो, तिचा फोन काढून घेतो, तिच्याशी दोन शब्द हसून बोलणाऱ्या कारकुनाला त्याच दिवशी नोकरीवरून काढतो. इंग्रजीत या प्रकाराला 'डार्क रोमान्स' असे नावच पडले आहे. मी विचारले, "हा नायक की खलनायक?" ती म्हणाली, "मामा, तो वाईट नाही. त्याला समजून घेणारं कोणी भेटलंच नाही."

हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. काही वर्षे मी धर्मग्रामातील विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गाला मदत करीत असे. तेथे एका मुलीने आपल्या नियोजित वराविषयी जवळजवळ हेच शब्द वापरले होते. त्याने रागाच्या भरात तिचा हात पिरगळला होता. मी तिला संत मोनिकेच्या सहनशीलतेची गोष्ट सांगितली आणि प्रार्थना करण्यास सांगितले. लग्न झाले. दोन वर्षांनी ती तान्हे मूल घेऊन माहेरी परतली. तिच्या हातात अशी कादंबरी कधी पडली होती की नाही, ते मला ठाऊक नाही. सल्ला मात्र माझा होता. म्हणून भाचीला चार उपदेशाचे शब्द ऐकवून मोकळे होणे मला जमले नाही.

प्रथम हे प्रामाणिकपणे कबूल करायला हवे की अशा नायकाचे आकर्षण खरे आहे आणि ते वाचणाऱ्या मुली मूर्ख नसतात. ज्या मुलीच्या शिक्षणाचा, पोशाखाचा, घरी परतण्याच्या वेळेचा निर्णय दुसरेच कोणी घेतात, तिला एक बलाढ्य पुरुष आपल्या एका शब्दासाठी तळमळतो आहे, ही कल्पना गोड वाटणारच. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्या आजूबाजूच्या घरांत पुरुषाचा राग बहुधा निष्कारण असतो. आमटीत मीठ जास्त झाले, लोकल चुकली, साहेब बोलला, एवढे त्याला पुरते. कादंबरीतल्या रागाला मात्र कारण असते. नायकाला बालपणी आई सोडून गेलेली असते, कोणा स्त्रीने दगा दिलेला असतो. कारण आहे म्हणजे औषधही आहे, आणि ते औषध वाचणारीच्याच हाती आहे! पुस्तकातल्या भीतीला शिवाय एक सोय असते: पुस्तक मिटता येते.

आपल्या ख्रिस्ती मनाला तर हे कथानक फारच ओळखीचे वाटते. हरवलेले मेंढरू, उधळा पुत्र, क्रुसावरचा चोर या कथांवर आपण वाढलो. पाप्याचे परिवर्तन होते, यावर आपला विश्वास आहे. अशी कादंबरी आपल्या या श्रद्धेच्या जवळ येऊन उभी राहते, म्हणूनच ती नीट तपासून घेतली पाहिजे.

ही तपासणी करण्याची पाळी एका लेखकावर सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वीच आली होती. सॅम्युअल रिचर्डसन हा लंडनमधील एक छापखानेवाला. १७४० साली त्याने 'पामेला' ही कादंबरी लिहिली. तीत घरधनी आपल्या मोलकरणीवर हात टाकू पाहतो, तिला कोंडून ठेवतो, शेवटी तिच्या सद्‍गुणांनी विरघळतो आणि तिच्याशी विवाह करतो. पुस्तक अफाट खपले. पण आपण वाचकांच्या हाती काय दिले, याचा विचार त्याच्या मनात आला असावा. कारण १७४७-४८ मध्ये प्रसिद्ध झालेली 'क्लॅरिसा' ही त्या पहिल्या पुस्तकाला त्यानेच दिलेल्या उत्तरासारखी आहे. सुधारलेला लंपट हाच उत्तम नवरा होतो, हा समज घातक आहे, असे त्याने प्रस्तावनेतच बजावले. तिच्यातील लव्हलेस हुशार, विनोदी, पत्रलेखनात पटाईत. आणि तो क्लॅरिसेला गुंगीचे औषध देऊन तिच्यावर बलात्कार करतो. पुढे तो लग्नास तयार होतो. क्लॅरिसा नकार देते आणि त्या नकारावर ठाम राहूनच मरण पावते.

आणि वाचकांनी काय करावे? ते लव्हलेसच्याच प्रेमात पडले. कादंबरी खंडाखंडाने प्रसिद्ध होत असताना एका सरदारपत्नीने टोपणनावाने रिचर्डसनला पत्रे लिहून विनवले की लव्हलेसला सुधारा आणि दोघांचे लग्न लावा. त्याने ऐकले नाही. उलट पुढच्या आवृत्त्यांत लव्हलेसला अधिक काळा रंगवण्यासाठी मजकूर वाढवला. त्याचा फारसा उपयोग झाला असे दिसत नाही. खलपुरुषाच्या तोंडी इतकी सुंदर भाषा देऊन मग त्याच्यापासून दूर राहा असे सांगणे, ही लेखकाची स्वतःचीच अडचण आहे. माझ्या मते रिचर्डसनने शेवट बदलला नाही, हे त्याचे मोठेपण. पण शेवट वाचेपर्यंत वाचकाचे मन गेलेले असते, हेही तितकेच खरे.

एमिली ब्रॉंटे या बाबतीत अधिक निष्ठुर आणि म्हणून अधिक प्रामाणिक आहे. तिच्या 'वदरिंग हाइट्स' (१८४७) मधील हीथक्लिफवर पिढ्यान्‌पिढ्या वाचक भाळले. पण त्याच कादंबरीत इझाबेला नावाची तरुणी नेमकी अशीच भाळून त्याच्याबरोबर पळून जाते. ती घर सोडते त्या रात्री तो तिच्या लाडक्या कुत्रीला फासावर टांगतो आणि पुढे तिच्या देखतच हिणवतो की हिने मला प्रणयकथेतला नायक समजून घर सोडले. इझाबेला शेवटी हिमवर्षावातून पळ काढते. चित्रपटवाल्यांना आणि पुष्कळशा वाचकांना इझाबेला आठवत नाही; आठवतात ते हीथक्लिफ आणि कॅथरीन. एमिलीची बहीण शार्लट हिच्या 'जेन एअर' मध्ये, जी त्याच वर्षी आली, नायक रॉचेस्टर आपल्या वेड्या बायकोला घरात कोंडून दुसरे लग्न करू पाहतो. जेन त्याच्यावर प्रेम करते आणि तरीही पहाटे घर सोडते. पुढे ती परतते, पण तोवर आगीत त्याची दृष्टी आणि एक हात गेलेला असतो. कोंडलेल्या बायकोची बाजू कोणी मांडली? त्यासाठी १९६६ साल उजाडावे लागले. कॅरिबियन बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हिस या लेखिकेने 'वाइड सर्गासो सी' लिहून तिला बोलते केले.

आता आपल्या मराठीकडे वळू. येथे एक योगायोग आपल्या समाजाला सुखावणारा आहे. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) ही मराठीतली पहिली सामाजिक कादंबरी मानली जाते आणि ती एका ख्रिस्ती लेखकाची आहे. तिच्यात असा अंधारा नायक नाहीच. यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव हिंडते आणि विधवांचे हाल पाहते, ऐकते. कलाकृती म्हणून ती आज कोणी आवडीने वाचील असे वाटत नाही. पण दुःख भोगणारीला बोलू द्यावे, ही रीत तिने घालून दिली.

मेव्हण्यांच्या कपाटातील काकोडकरांवर तर खटलाच झाला होता. १९६२ च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकातील त्यांची 'श्यामा' ही कथा अश्लील असल्याची तक्रार झाली. पुण्यातील दंडाधिकाऱ्यांनी त्यांना सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवले आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष मुक्त केले. निकाल योग्यच होता. पण या साऱ्या खटाटोपात प्रश्न विचारला गेला तो एवढाच, की शरीराच्या वर्णनाने वाचक बिघडेल काय? आपल्या घरांतही आपण हाच प्रश्न विचारतो. मुलीच्या हातातील पुस्तकात चुंबन आहे का, ते पाहतो; त्या पुस्तकातल्या पुरुषाने तिचा फोन काढून घेतला, त्याचे काय, हे विचारीत नाही. भाचीच्या कथामालिकेत अश्लील असे काही नव्हते. दंडाधिकाऱ्यांनाही त्यात आक्षेपार्ह ओळ सापडली नसती.

त्याच १९६२ साली आचार्य अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' रंगभूमीवर आले. अनेक स्त्रियांना लग्नाच्या जाळ्यात ओढून लुबाडणाऱ्या माधव काझी याच्या खऱ्या खटल्यावरून ते सुचलेले. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे न्यायालयात उभा राहून प्रत्येक आरोप नाकारतो आणि फिरत्या रंगमंचावर त्याची निरनिराळी रूपे आपल्यासमोर येतात. प्रभाकर पणशीकरांनी ही भूमिका इतकी गाजवली की लोक लखोबाला पाहायला जात. त्याच्या बिलंदरपणावर प्रेक्षागृह हसते. मीही हसलो आहे. परंतु अत्र्यांनी नाटकाला न्यायालयाची चौकट दिली, यात त्यांची नीती आहे. फसवली गेलेली प्रत्येक स्त्री पिंजऱ्यात येऊन आपले म्हणणे सांगते. लखोबाला कितीही टाळ्या पडोत, साक्ष नोंदली जाते.

वि. स. खांडेकरांच्या 'ययाति' मध्ये (१९५९) हेच वेगळ्या रीतीने घडते. वासनेने आंधळा झालेला, मुलाचे तारुण्य मागणारा राजा आपली कहाणी स्वतः सांगतो. पण देवयानी आणि शर्मिष्ठाही आपापली कहाणी स्वतःच सांगतात. खांडेकरांचे अलंकार कधी कधी जड होतात, हे मान्य. तरीही १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरलेल्या या लेखकाने ययातीला एकट्याला बोलू दिले नाही. उलट तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' मध्ये (१९७२) टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा पुरुष कोणत्याही संगीताशिवाय आपल्यासमोर उभा राहतो. तेथे कोणाला प्रणय आठवत नाही.

याचा अर्थ प्रत्येक रांगडा नायक त्याज्य, असा कोणी घेऊ नये. श्री. ना. पेंडशांचा 'गारंबीचा बापू' (१९५२) गावाच्या दृष्टीने उडाणटप्पू आणि उद्धट. तो बदनाम झालेल्या राधेला उघडपणे आपली म्हणतो. त्याचा दांडगेपणा खोताविरुद्ध, गावाविरुद्ध आहे, राधेविरुद्ध नाही. रंगभूमीवर डॉ. काशिनाथ घाणेकर बापू करीत तेव्हा प्रेक्षक वेडे होत, आणि त्या वेडाला मी नावे ठेवणार नाही.

शेवटी आपल्याच घरातील नायकाकडे येतो. संत अगस्तीन तरुणपणी एका स्त्रीबरोबर सुमारे पंधरा वर्षे राहिला. तिच्यापासून त्याला अदेओदातस हा मुलगा झाला. योग्य घराण्यातील मुलीशी विवाह ठरल्यावर तिला आफ्रिकेत परत धाडण्यात आले. मुलगा त्याच्याजवळ राहिला. चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आपल्या 'कबुलीजबाबा'त तो हे सारे स्वतः सांगतो. आपल्या काळजाला जखम झाली, हे तर तो सांगतोच. पण लग्नाची वाट पाहवेना म्हणून आपण लगेच दुसरी स्त्री ठेवली, हेही तो लपवीत नाही. आपल्या पापाचे वकीलपत्र तो घेत नाही. भाचीच्या नायकाजवळ मला नेमके हेच आढळले नाही. प्रायश्चित्ताच्या संस्कारात पाप नावानिशी बोलावे लागते आणि झालेली हानी शक्य तेवढी भरून द्यावी लागते. या कथांतला पुरुष मात्र एक अश्रू ढाळतो आणि मोकळा होतो. प्रायश्चित्त नायिका करते, तेही आधीच, पन्नास भागांत.

मोनिकेची गोष्टही त्याच पुस्तकात आहे. पती पात्रीसियस तापट आणि बाहेरख्याली होता. शेजारणी चेहऱ्यावरचे वळ घेऊन येत तेव्हा मोनिका त्यांना उलट न बोलण्याचाच सल्ला देई. ती तिच्या काळाची रीत होती. मी तो सल्ला सोळाशे वर्षांनी जसाच्या तसा पुढे दिला. वास्तविक पवित्र सभेच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ११५३ वा नियम सांगतो की जोडीदाराकडून शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्यास न्याय्य कारण आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' मध्ये याहून पुढे जाऊन म्हटले की दुर्बल जोडीदाराला किंवा मुलांना हिंसेपासून वाचवायचे असेल तेव्हा वेगळे होणे नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरू शकते. विवाहपूर्व वर्गात हे वाचून दाखवावे, असे मला त्या वेळी सुचले नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी भाचीला हे सारे, लव्हलेसपासून अगस्तीनपर्यंत, सांगितले. तिला क्लॅरिसा रटाळ वाटली, इझाबेला आवडली. कथामालिकेचा शेवटचा भाग त्याच रात्री आला. नायकाने गुडघे टेकून नायिकेची क्षमा मागितली होती. सकाळी चहा देताना ती म्हणाली, "मामा, त्या कारकुनाला परत नोकरीवर घेतलंच नाही." मग थोड्या वेळाने तिने विचारले, अगस्तीनने परत पाठवलेल्या त्या बाईचे नाव काय होते? मी सांगितले की त्याने ते कोठेही लिहिलेले नाही.