नळ भाडेकरूचा, पाइप मालकाचा. मग ओल कुणाची?

आज पेपरऐवजी एक यादी वाचूया: केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याची दुसरी अनुसूची. घरातली कुठली दुरुस्ती कुणी करायची, हे ती सांगते. इमारतीचा ढाचा, रंगकाम, पाइप बदलणं, वायरिंग मालकाकडे. नळ-वॉशर, बेसिन, गीझर, स्विच, कुलपं, खिडकीच्या काचा भाडेकरूकडे.

पहिल्या वाचनात यादी एकदम सुटसुटीत वाटते. निदान काहीतरी लेखी आहे, हा तिचा खरा गुण. पण मागच्या पावसाळ्यात डोंबिवलीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत भिंतीला ओल आली. मालक म्हणाले, "तुमचा नळ गळतोय." प्लंबर म्हणाला, पाणी वरच्या मजल्यावरून येतंय. यादीत उत्तर सापडेना. का? कारण ती वस्तूंची यादी आहे, कारणांची नाही. शिवाय गच्ची आणि बाहेरच्या भिंती सांभाळणारी सोसायटी तिच्यात कुठेच नाही.

दुसरी अडचण 'आतलं काम' आणि 'ढाचा' यांतल्या रेषेची. २० मे २०२५ ला कल्याण पूर्वेतल्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब कोसळला. सहा जण गेले. फरशी आतलीच होती ना?

तिसरा प्रश्न आपण संशोधनात नेहमी विसरतो: हे कुणाला लागू आहे? आदर्श कायदा राज्याने स्वीकारला तरच चालतो. आपल्याकडे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. त्याच्या कलम १४ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर दुरुस्ती मालकाची. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने रास्त वेळेत ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. छान! पण आपला ११ महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स' करार बघा. त्यात आपण भाडेकरू नाही, परवानाधारक आहोत. म्हणजे आपली भिस्त मुख्यतः करारातल्या वाक्यांवर.

म्हणून हा सराव करा. स्वतःचा करार काढा. दुरुस्तीच्या प्रत्येक वाक्यापुढे लिहा: वस्तू की कारण? तिसरा पक्ष कोण? लागू कुणाला? पुढच्या करारात 'गळतीचं मूळ कोण, किती दिवसांत शोधणार' हे वाक्य घालून घ्या, आणि सामान लावण्याआधी भिंतींचे तारखेसह फोटो काढून ठेवा. मी काढले नव्हते. रंगाचे पैसे डिपॉझिटमधून गेले.