मुलाचें स्वगत

नाटकांतील पात्र स्वगत बोलूं लागलें म्हणजे आपण कान देऊन ऐकतों. परंतु तीन-चार वर्षांचें मूल खेळतां खेळतां आपल्याशींच बोलूं लागलें म्हणजे ती बडबड समजून तिकडे दुर्लक्ष करतों. या बडबडींतच आत्मसंयमाचें बीज आहे, असें सांगणारा ग्रंथ म्हणजे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांचा 'विचार आणि भाषा'. ग्रंथकार १९३४ सालीं वयाच्या ३७ व्या वर्षीं क्षयानें वारले. ग्रंथ त्याच वर्षीं, त्यांच्या पश्चात्, प्रसिद्ध झाला. पुढें सोव्हिएट राजवटीच्या वक्रदृष्टीमुळें त्याच्या पुनर्मुद्रणास १९५६ साल उजाडावें लागलें.

ग्रंथांतील पूर्वपक्ष झां पियाजे यांचा आहे. जिनेव्हा येथील बालकांच्या बोलण्याच्या नोंदींवरून त्यांनीं १९२३ सालीं असें प्रतिपादिलें कीं, असलें भाषण हें मुलाच्या आत्मकेंद्रित वृत्तीचें लक्षण होय; मूल चारचौघांत वागावयास शिकलें कीं तें लोप पावतें. व्हिगॉट्स्कींच्या मतें तें लोप न पावतां आंत वळतें आणि मौन विचाराचें रूप घेतें. चित्र काढणाऱ्या मुलांस हवी ती रंगीत पेन्सिल मिळूं नये अशी त्यांनीं योजना केली, तेव्हां मुलांचें स्वतःशीं बोलणें जवळजवळ दुप्पट झालें. साडेपांच वर्षांचा एक मुलगा ट्राम काढीत असतां त्याची पेन्सिल मोडली. मोडली, असें पुटपुटून त्यानें पाण्याचे रंग घेतले आणि मोडकी ट्रामच रंगविली! अडचणींतून शब्द निघाला, आणि शब्दानें पुढील कृतीस वाट दाखविली. आई मुलास सांगते, मग मूल स्वतःस मोठ्यानें सांगतें, अखेर मनांत सांगतें. संयम असा पायरीपायरीनें येतो.

ग्रंथ निर्दोष नाहीं. प्रयोगांचे तपशील लेखकानें हात राखून दिले आहेत, आणि निरनिराळ्या वेळीं लिहिलेल्या प्रकरणांचे सांधे स्पष्ट दिसतात. तथापि १९६२ सालीं पियाजे यांनीं लिहिलेल्या टिपणांत, अंतर्वाणीचा उगम या स्वगतांत आहे, हें मत मान्य केलें. सर्व मतभेद मिटले नाहींत. तरी प्रतिपक्षाची ही संमति लहान नव्हे.

हा वाद दूरदेशींच्या दोन पंडितांचा म्हणून आपणांस सोडून देतां येत नाहीं. 'हाताची घडी, तोंडावर बोट' ही आज्ञा आपल्या बालवर्गांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि गप्प बसणाऱ्या मुलास आपण शहाणें म्हणतों. त्या शांततेंतील संयम बाईंच्या धाकाचा असतो. बाई वर्गाबाहेर पडतांच तो संपतो. व्हिगॉट्स्कींचें म्हणणें खरें असेल, तर तोंडावरील तें बोट मुलाच्या हातचा लगामच काढून घेतें. वर्गांत गोंगाट माजवावा, असा याचा अर्थ नव्हे. हातीं काम असलेल्या मुलास पुटपुटण्याची मुभा असावी, एवढेंच. बालशिक्षकांनीं हा ग्रंथ अवश्य वाचावा, आणि वाचून झाल्यावर आपल्या वर्गांत घटकाभर नुसतें ऐकत बसावें.