रिंगणातले दुसरे नाव

शर्यत हा साहित्यविचाराचा विषय होऊ शकतो काय? असा प्रश्न टाकताच आपल्यातील कित्येक रसिक नाक मुरडतील. पहिला कोण आणि दुसरा कोण एवढे कळले की शर्यत संपली. तिच्यात समीक्षकाने चिकित्सा करावी असे काय उरते, असे त्यांना वाटेल. परंतु ज्या दोन तासांत अनेक माणसे एकाच लक्ष्यामागे धावतात, एकमेकांना अडवितात, सावरतात, चकवितात, आणि ज्यांचा शेवट आरंभी कोणालाच ठाऊक नसतो, त्या दोन तासांना घाट असतो आणि त्यांत नाट्यही असते. तेव्हा फराळाचे ताट पुढ्यात ठेवून थोडा वेळ परदेशातील सायकलींच्या मागोमाग फिरून येण्यास वाचकांची हरकत नसावी.

युरोप-अमेरिकेत सायकलशर्यतीचा ‘क्रायटेरियम’ नावाचा एक प्रकार आहे. या गावाहून त्या गावी जाणारा लांब रस्ता त्यात नसतो. शहराच्या मध्यवस्तीतील चार-सहा रस्ते वाहनांना बंद करून एक रिंगण आखतात, बहुधा एक ते तीन किलोमीटरांचे; आणि त्याच्या फेऱ्या मारावयाच्या. प्रेक्षक जागचा हलत नाही, शर्यतच पुन्हा पुन्हा त्याच्या दारी येते. मधूनच घंटा वाजते. ती फेरी जो प्रथम पुरी करील त्याला वेगळे बक्षीस मिळते. त्याला ‘प्रीम’ म्हणतात. फार मागे पडलेल्यांना पंच बाजूला काढतात. प्रत्येक कोपऱ्यावर वेग उतरतो, आणि कोपरा ओलांडताच तो पुन्हा चढवावा लागतो. पुढच्यांना हे निभते. थव्याच्या शेपटाशी असलेल्यांची मात्र वळणागणिक ओढाताण होते. एकच कडवे पुन्हा पुन्हा म्हणावयाचे, परंतु लय वाढवीत न्यावयाची, असा हा घाट आहे. मंगळागौरीच्या रात्री रंगत गेलेला झिम्मा ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो निराळा समजावून सांगावयास नको.

मात्र झिम्म्यात कोणी पहिली नसते, येथे असते. आणि खरा पेच येथूनच सुरू होतो. सायकलस्वाराचा मोठा शत्रू म्हणजे वारा. दुसऱ्याच्या चाकाला चाक लावून जाणाऱ्याचे श्रम साधारणतः चौथाई ते एक तृतीयांशाने वाचतात. म्हणून जिला शेवटी झेप घ्यावयाची असते तिला मैत्रिणी आपल्या पाठीमागे झाकून नेतात. अखेरच्या फेरीत एका संघाच्या तिघी-चौघी एकीमागे एक अशी ओळ धरतात. पहिली आपली सारी ताकद वाऱ्यावर उधळते आणि बाजूला होते. मग दुसरी, मग तिसरी. अंतिम रेषा दीड-दोनशे मीटरांवर आली की शेवटची वाट मोकळी करून देते आणि मागची एकटी पुढे झेपावते. बाजूला झालेल्या निकालपत्रकात कुठे तरी तिसाव्या, चाळिसाव्या दिसतात. बक्षिसाची रक्कम संघात वाटून घेण्याचा रिवाज या खेळात जुना आहे. नाव वाटून घेण्याची सोय मात्र कोणी केलेली नाही.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. ११ सप्टेंबर २०१६ रोजी माद्रिद शहरात स्त्रियांची एक शर्यत झाली. माद्रिदचे रिंगण नेहमीच्या क्रायटेरियमपेक्षा बरेच मोठे. काटेकोर बोलावयाचे तर तिला क्रायटेरियमची थोरली बहीणच म्हटले पाहिजे. स्त्रियांची ‘वर्ल्ड टूर’ ही शर्यतमालिका त्याच वर्षी प्रथम सुरू झाली होती आणि माद्रिद हा तिचा शेवटचा मुक्काम होता. पहिली आली बेल्जियमची योलीन द’होर. दुसरी आली ऑस्ट्रेलियाची क्लोई हॉस्किंग. दोघी एकाच संघाच्या, ‘विगल हाय फाइव’च्या. याच हॉस्किंगने जुलैमध्ये पॅरिसच्या शॅन्ज-एलिजेवरील शर्यत जिंकली होती. म्हणजे दुसरे नाव हे काही कच्च्या खेळाडूचे नव्हते. ती स्वतः जिंकणारी होती. आणि हंगाम सरताच ती संघ सोडून दुसऱ्या संघात गेली.

कादंबरीकाराच्या दृष्टीने या निकालातील सर्वांत मोलाची ओळ कोणती? माझ्या मते पहिली नव्हे, दुसरी. हंगामाच्या अखेरीस अंगे थकलेली असतात, करार संपत आलेले असतात, आणि आज जिच्या चाकाला चाक लावले तीच पुढल्या वर्षी समोर उभी ठाकणार असते. अशा वेळीही ओळ टिकते, ती का टिकते, हा प्रश्न कोणत्याही विजयापेक्षा खोल आहे. त्यात मैत्री आहे, व्यवहार आहे, आणि कदाचित थोडा मत्सरही आहे.

सायकलशर्यतीवरील साहित्य मात्र या प्रश्नाकडे सहसा वळत नाही. डच लेखक टिम क्राबे यांची १९७८ची ‘द रायडर’ ही कादंबरी या क्षेत्रात फार मानली जाते, आणि ते योग्यच आहे. दक्षिण फ्रान्समधील डोंगराळ मुलखातली एकच शर्यत, आणि एका स्पर्धकाचे अंतरंग किलोमीटरांच्या हिशेबाने उलगडत जाते. परंतु तिचे यश ज्यात आहे त्यातच तिची मर्यादाही आहे. तेथे बोलणारे मन एकच आहे. बाकीचे सारे त्या मनाला दिसतात तेवढेच. चौघींच्या ओळीला हे तंत्र पुरे पडणार नाही. तेथे निवेदनही एकीकडून दुसरीकडे गेले पाहिजे, एकीचा श्वास संपताच दुसरीने सूत्र हाती घेतले पाहिजे. अशी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. ती कोणी तरी लिहावी.

येथे दोन आक्षेप निघतील. पहिला असा की, हे सारे नाटकच असते. त्यात तथ्य आहे. फ्रान्सची मोठी शर्यत आटोपल्यावर युरोपात गावोगाव जी उत्सवी क्रायटेरियमे भरतात, त्यांतील पुष्कळांचा निकाल आधी ठरलेला असतो. लोकांना आवडता खेळाडू जिंकलेला पाहावयाचा असतो. पण त्यामुळे आपला मुद्दा अधिकच स्पष्ट होतो. रिंगण तेच, घंटा तीच, वेगही डोळे दिपविणारा; तरी नाट्य उरत नाही, कारण कोणालाच काही गमवावयाचे नसते. नुसता घाट कलाकृतीला तारत नाही, हे आपण साहित्यात पुष्कळदा पाहिले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पॅरिसमध्ये २०१४पासून आणि माद्रिदमध्ये २०१५पासून स्त्रियांना ही एक दिवसाची रिंगणे मिळाली, ती पुरुषांच्या मोठ्या शर्यतीच्या शेवटच्या दिवशी, त्यांच्या आगमनापूर्वी. मुख्य नाटकाच्या आधीची नांदीच ती! लघुकथा ही काही फसलेली कादंबरी नव्हे. तिचा घाट स्वतंत्र आणि स्वयंपूर्ण असतो. परंतु एखाद्या लेखिकेला कोणी बजावले की, ‘बाई, तुम्ही फक्त लघुकथाच लिहा,’ तर तो लघुकथेचा गौरव होत नाही, लेखिकेचा अवमान होतो. १९८४मध्ये स्त्रियांनी फ्रान्सची अठरा टप्प्यांची शर्यत पुरी केली होती आणि अमेरिकेची मारियान मार्टिन ती जिंकली होती. तेव्हा ‘झेपणार नाही’ ही सबब तर केव्हाच खोटी ठरली होती. पुढे २०२२मध्ये आठ टप्प्यांची फ्रान्सची आणि २०२३मध्ये सात टप्प्यांची स्पेनची शर्यत स्त्रियांसाठी सुरू झाली, आणि दोन्ही हॉलंडच्या आनेमीक फान फ्लॉयटेन हिने जिंकल्या. आता रिंगण ही सक्ती उरली नाही. म्हणूनच त्याचे स्वतंत्र सौंदर्य आज मोकळ्या मनाने सांगता येते.

वाचकहो, घरातल्या मुली अशी शर्यत पडद्यावर पाहत बसल्या, तर ‘कोण जिंकले?’ एवढेच विचारून उठू नका. शेवटच्या फेरीत ओळीतली पहिली बाजूला होईल, तिच्याकडे पाहा. तिच्या बाजूला होण्यातच पहिलीचा विजय घडलेला असतो. निकालपत्रकात तिचे नाव खाली असेल. ते शोधून वाचावे, इतके तरी तिचे देणे आपण लागतो.