मोरबाथचे आवाज, एका धर्मगुरूची लेखणी

ईमन डफी यांचा ‘द व्हॉइसेस ऑफ मोरबाथ’ हा ग्रंथ २००१ साली प्रसिद्ध झाला. डेव्हन परगण्यातील जेमतेम तेहतीस उंबऱ्यांच्या एका धर्मग्रामाचा हा इतिहास. त्याचे प्रमुख साधन म्हणजे १५२० ते १५७४ अशी चोपन्न वर्षे तेथे सेवा केलेल्या सर ख्रिस्तोफर ट्रायचे या धर्मगुरूने स्वहस्ते लिहिलेले चर्चचे हिशेब. हे ‘सर’ सरदारकीचे नव्हे. विद्यापीठाची पदवी नसलेल्या धर्मगुरूस त्या काळी असे संबोधीत. आडनाव लिहावयाचे ‘ट्रायचे’, उच्चारावयाचे ‘ट्रिकी’!

नावांचा हा घोळ वहीभर आहे. नॉर्मन आडनावाची घरे अनेक, म्हणून एक नॉर्मन ‘कोर्ट’ या शेतवाडीचा म्हणून ओळखला जातो. शुद्धलेखन तर लहरीवर. जुन्या बाप्तिस्मा-नोंदवह्या हाताळणाऱ्यास यात नवल वाटणार नाही. परंतु डफी या नावांमागील घरे चिकाटीने हुडकतात आणि कोरड्या हिशेबातून नांदते गाव उभे राहते. ग्रंथाचे खरे यश येथे आहे.

एका नावाची कथा तर विलक्षण आहे. ट्रायचे यांनी एक्झिटरच्या संत सिडवेल हिची मूर्ती चर्चला दिली. स्त्रिया तिला जपमाळा अर्पू लागल्या. पुढे राजाज्ञेने मूर्ती गेल्या. मात्र सिडवेल हे नाव गावातील मुलींना ठेवले जात राहिले.

ग्रंथाच्या शीर्षकाबाबत मात्र आमचा मतभेद आहे. हिशेब गावकऱ्यांपुढे वाचून दाखविले जात, म्हणून त्यांत बोलीचा ठसका आहे, हे मान्य. तरी ‘आवाज’ अनेक असले तरी लेखणी एकच, आणि तीही धर्मगुरूची. १५४९ च्या उठावात गावाने पाच तरुण पाठविले. ते का गेले हे त्यांच्या तोंडून ऐकावयास मिळत नाही.

वीस वर्षे पै-पै जमवून घेतलेली काळी मिस्सावस्त्रे अल्पावधीत निषिद्ध ठरली. तरीही ट्रायचे राहिले, एलिझाबेथच्या राजवटीत नवी उपासनाही चालविली. त्यांची निष्ठा अखेरीस गावाशी होती, असे डफी सहानुभूतीने सुचवितात. हे स्पष्टीकरण आम्हास अपुरे वाटते. त्याच काळात कित्येकांनी पदे सोडली, देशत्याग केला. त्यांच्या शेजारी ट्रायचे यांना उभे करून पाहण्याचे काम या ग्रंथात राहून गेले आहे.