शिवभारतांतील मलिकंबर : स्तुतीच्या साक्षीचें मोल

कवीन्द्र परमानन्दकृत शिवभारत १९२७ सालीं स. म. दिवेकर यांनीं संपादून प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून भातवडीच्या युद्धाविषयीं (१६२४) तें काव्य एक मुख्य आधार ठरलें आहे. त्यांतील रणवर्णनाचा उपयोग पुष्कळ झाला. परंतु मलिकंबराचें जें चित्र त्यांत आहे, त्याची साक्ष म्हणून परीक्षा व्हावी तितकी झाली नाहीं, असें आम्हांस वाटतें.

कवि मलिकंबरास कार्तिकेयाची उपमा देतो. शहाजीराजे प्रभृति वीर हे त्याच्याभोंवतीं जमलेले देव. उपमा सुंदर आहे व अर्धी खरीही आहे. इ. स. १६०० मध्यें अहमदनगरचा किल्ला मोंगलांच्या हातीं गेला. तेव्हां हबसाणांत जन्मलेल्या व गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या या पुरुषानें दुसऱ्या मुर्तजा निजामशहास गादीवर बसवून बुडतें राज्य सांवरलें. सुमारें पाव शतक त्यानें मोंगली फौजांस गनिमी काव्यानें जेरीस आणलें. खडकी शहर वसवून तेथें नहर आणली. जमीनमहसुलाची घडी बसविली.

उपमेचें दुसरें अर्ध मात्र तपासलें पाहिजे. महाभारताच्या वनपर्वांत इंद्र आपलें पद स्कंदास देऊं करतो, व स्कंद तें नाकारून सेनापतित्वावर संतुष्ट राहतो. मलिकंबरानेंही गादी घेतली नाहीं. पण मुर्तजा, जो त्याचा जांवईही होता, डोईजड होतांच १६१० मध्यें त्याचा अंत झाला. मलिकंबरानेंच त्यास विष देवविलें असें इतिहासकार मानतात. पुढें अल्पवयी बुऱ्हाण गादीवर आला. नांव इंद्राचें, सत्ता सेनापतीची! शिवभारताचा विषय भोसल्यांचा पराक्रम हा असल्यानें या वधाची चौकशी कवीच्या कक्षेंत येत नाहीं. परंतु कवीच्या मौनास आपण निर्दोषत्वाचा दाखला समजलों, तर तो प्रमाद आपला.

उलट पक्षाची साक्षही तशीच तोलावी. जहांगीर आपल्या आत्मचरित्रांत त्यास शिव्याशाप देतो; अबुल हसनच्या चित्रांत तर बादशहा मलिकंबराच्या तुटलेल्या शिरावर बाण सोडीत आहे, आणि मलिकंबर त्या वेळीं जिवंत होता! मात्र त्याच दरबारचा मुतमदखान मृत्यूनंतर त्याच्या युद्धकौशल्याची व राज्यकारभाराची मुक्तकंठानें वाखाणणी करतो. मित्राच्या स्तुतीहून व शत्रूच्या निंदेहून शत्रूची स्तुति अधिक विश्वसनीय, हा नियम येथें उपयोगी पडतो.

हा प्रश्न केवळ जुना नव्हे. त्याच आफ्रिका खंडांत क्वामे एन्क्रुमा यांनीं १९५७ सालीं घानास स्वातंत्र्य मिळवून दिलें. १९५८ सालीं विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा आला. १९६४ सालीं एकपक्षीय राज्य होऊन ते तहहयात अध्यक्ष झाले. १९६६ सालीं लष्करानें त्यांस पदच्युत केलें. मुक्तिदाता व एकाधिकारी हीं दोन माणसें नव्हत. एकाच चरित्राचीं तीं दोन प्रकरणें होत, व चरित्रकारानें दोन्ही लिहिलीं पाहिजेत.

मलिकंबर १६२६ मध्यें वारला. त्याचा पुत्र फत्तेखान यानें बुऱ्हाणास ठार केलें व १६३३ मध्यें दौलताबाद मोंगलांच्या हवालीं केलें. शहाजीराजांनीं नवा निजामशहा उभा करूनही १६३६ मध्यें तें राज्य संपलें. राजास मारण्याची वाट बापानें पाडली होती. मुलगा तिनेंच गेला.

प्रस्तुत लेखकानें वर्गांत मलिकंबर शिकवितांना गनिमी कावा व नहर यांचेंच वर्णन केलें. मुर्तजाचें नांव फळ्यावर कधीं लिहिलें नाहीं. ती उणीव येथें कबूल करतों. ज्या संग्राहकांजवळ १६०० ते १६२६ या काळांतील निजामशाही कागद असतील, त्यांनीं हुकूम कोणाच्या नांवें सुटला, शिक्का कोणाचा, सन कोणता, एवढें तरी तपासून प्रसिद्ध करावें. राज्य कोण करीत होतें, हें उपमेपेक्षां शिक्का अधिक नेमकें सांगेल.

पावणे, नवी मुंबई